सच्छिद्र सेंद्रिय पदार्थांतील जालकरचना व प्रभारवहन : एक समीक्षा

प्रस्तावना :
मावळ तालुका दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटातील लोहमार्गासाठी लोणावळा-खंडाळा परिसरातील हा खडक फोडला गेला, तेव्हा त्याच्या पोकळ्यांतील झिओलाइट खनिजांचे स्फटिक उजेडात आले. झिओलाइट म्हणजे निसर्गाने घडविलेले सच्छिद्र जालक होय. त्याच्या चौकटीत काही ठिकाणी सिलिकॉनची जागा अॅल्युमिनिअम घेते, त्यामुळे चौकटीवर ऋण प्रभार येतो आणि तो संतुलित करणारे सोडिअम, कॅल्शिअम यांचे आयन छिद्रांतून सरकू शकतात. चौकटीच्या भिंतींतून मात्र इलेक्ट्रॉन वाहत नाहीत. छिद्रांतील वहन आणि भिंतींतील वहन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मावळच्या खडकातच दिसून येते. मानवनिर्मित सच्छिद्र सेंद्रिय पदार्थांविषयीच्या लेखनात हाच भेद अनेकदा पुसट होतो. प्रस्तुत लेखात त्या अनुषंगाने विवेचन केले आहे.

जालक आणि वहनाचे मार्ग :
२००५ साली ओमर याघी यांच्या गटाने सहसंयुजी बंधांनी जोडलेल्या स्फटिकरूप सेंद्रिय चौकटी प्रथम सादर केल्या. यांतील द्विमितीय चौकटींत सपाट थर एकावर एक रचले जातात व छिद्रांच्या सरळ नलिका तयार होतात. अशा पदार्थात प्रभाराला तीन मार्ग संभवतात. पहिला मार्ग थराच्या पातळीतील बंधांमधून, दुसरा सुमारे साडेतीन अँगस्ट्रॉम अंतरावरील थरांमधून आणि तिसरा छिद्रातील पाणी किंवा आम्ल यांच्यामधून जातो. पहिल्या दोहोंतून प्रामुख्याने इलेक्ट्रॉन व त्यांच्या रिक्त जागा वाहतात, तर तिसऱ्यातून आयन वाहतात.

जालकाची भूमिती या तिन्ही मार्गांवर परिणाम करते. थर किंचित सरकले तरी वरच्या व खालच्या रेणूंच्या कक्षकांचे परस्परव्यापन बदलते. षट्कोनी जालकाच्या सांध्यावर बेंझीनचे कडे एकाआड एक स्थानी जोडलेले असेल, तर एका भुजेवरून दुसऱ्या भुजेवर होणारे संयुग्मन दुर्बल पडते. त्यामुळे कागदावर अखंड दिसणारी जाळी इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने तुकड्यातुकड्यांची ठरू शकते.

पुण्यातील संशोधन :
लोणावळ्यापासून लोहमार्गाने सुमारे ६४ किलोमीटरवर असलेल्या पुण्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१२ साली टीपी-पीए-१ व टीपी-पीए-२ या चौकटी प्रसिद्ध केल्या. तोपर्यंतच्या अनेक चौकटी पाण्याच्या संपर्कात टिकत नसत. येथे आधी प्रत्यावर्ती अभिक्रियेने स्फटिकरचना साधली गेली आणि नंतर ईनॉल रूपाचे कीटो रूपात अप्रत्यावर्ती रूपांतर झाल्याने ती रचना पक्की झाली. उकळते पाणी व तीव्र आम्ल यांतही ती टिकून राहिली. या क्षेत्राला व्यवहार्यता देणारे हे काम निर्विवाद महत्त्वाचे आहे.

तथापि, या टिकाऊपणाची एक किंमत आहे व तिची चर्चा पुरेशी होत नाही. कीटो रूपात मध्यवर्ती कड्याचे अॅरोमॅटिक स्वरूप नाहीसे होते आणि थराच्या पातळीतील सलग संयुग्मन आणखी क्षीण होते. जो बदल चौकटीला आम्लापासून वाचवितो, तोच इलेक्ट्रॉनचा मार्ग अरुंद करतो. याच गटाने २०१४ साली दाखविलेले वहन प्रोटॉनचे होते, ही बाब म्हणूनच लक्षणीय ठरते. अॅझो गट असलेल्या चौकटीत फॉस्फोरिक आम्ल भरून दमट स्थितीत ९.९ × १०⁻⁴ सीमेन्स प्रति सेंटिमीटर इतकी प्रोटॉनवाहकता मिळाली. आम्ल सहन करणाऱ्या भिंतींमुळेच हे शक्य झाले. येथे भिंत धारण करते आणि छिद्र वाहते. झिओलाइटशी असलेले हे साम्य केवळ बाह्य नाही.

मापनाचा प्रश्न :
वाहकता बहुधा भुकटी दाबून केलेल्या वडीवर मोजली जाते. अशा वडीत सूक्ष्म स्फटिक वाटेल त्या दिशेने पडलेले असतात, त्यांच्यामधील सीमा प्रभाराला अडवितात आणि शोषलेले पाणी स्वतःही प्रोटॉन वाहून नेते. त्यामुळे मिळालेला एकच आकडा जालकाच्या नावे जमा करणे धाडसाचे आहे. दिशेचे महत्त्व किती असते, हे अमेरिकेतील विल्यम डिक्टेल यांच्या गटाच्या कामावरून कळते. टीपी-पीए प्रमाणेच कीटो-ईनामीन बंध असलेल्या त्यांच्या चौकटीतील ८० ते ९९ टक्के अँथ्राक्विनोन गट २०० नॅनोमीटरहून पातळ, दिशाबद्ध पटलात विद्युत्-रासायनिक दृष्ट्या उपलब्ध झाले. त्याच चौकटीच्या भुकटीच्या तुलनेत ही सुधारणा सुमारे दसपट होती. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. रसायन तेच होते, केवळ मांडणी बदलली होती.

याहून मूलभूत उणीव तुलनेची आहे. जालकाच्या सुव्यवस्थेमुळे वहन सुधारले असे म्हणायचे, तर त्याच घटकांपासून बनविलेला अव्यवस्थित पदार्थ त्याच तापमानाला व त्याच आर्द्रतेला मोजून शेजारी ठेवला पाहिजे. ही तुलना नसेल तर जालक हे कारण सिद्ध होत नाही, ते गृहीत धरले जाते.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, 'प्रभारवहन' ही एकच संज्ञा सर्वत्र वापरणे अपुरे आहे. कोणता प्रभार, कोणत्या मार्गाने व कोणत्या दिशेने वाहतो, हे प्रत्येक दाव्यासोबत सांगितले जावे. इंधनघटाचे पटल करायचे असेल, तर टीपी-पीएसारखी टिकाऊ भिंत व ओलसर छिद्र उपयुक्त ठरते. इलेक्ट्रॉनिक साधन करायचे असेल, तर सांध्याचे रसायनच बदलावे लागते. एकाच जालकाकडून दोन्हींची अपेक्षा करण्यापूर्वी मावळच्या खडकातील झिओलाइटचे उदाहरण संशोधकांनी ध्यानात घेणे उचित ठरेल.