मूक पित्याची श्रद्धा

ख्रिस्तजन्माच्या कथेंत देवदूत बोलतात, मेंढपाळ बोलतात, पूर्वेकडून आलेले मागीहि बोलतात. योसेफ मात्र बोलत नाहीं. चारी शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचें एकहि वाक्य नाहीं. पुढच्या परंपरेनें या मौनाचा अर्थ तो गौण आहे असा केला. दुसऱ्या शतकांत याकोबाच्या नांवावर लिहिल्या गेलेल्या एका ग्रंथानें त्याला वृद्ध विधुर ठरविलें. पौर्वात्य ख्रिस्ती जन्मचित्रांत तर तो एका कोपऱ्यांत चिंतामग्न बसलेला दिसतो. मरियेचें कौमार्य निःशंक राहावें म्हणून बिचारा योसेफ दूर सारला गेला.

मूळ ग्रंथ मात्र निराळें सांगतो. मत्तय अब्राहामापासून चौदा-चौदा पिढ्यांचे तीन टप्पे मोजीत योसेफापर्यंत येतो, आणि तेथें पित्यापासून पुत्र हें सूत्र एकाएकीं तुटतें. येशू मरियेपासून जन्मला, एवढेंच तो म्हणतो. मग जिच्याशीं बालकाचा रक्तसंबंध नाहीं, ती वंशावळ दिली कशाला? उत्तर त्याच अध्यायाच्या अखेरीस आहे. बालकाचें नांव योसेफ ठेवतो, आणि त्या कृतीनें त्याला आपल्या कुळांत घेतो. दाविदाचा वंश येथें रक्तानें नव्हे, स्वीकारानें पुढें जातो.

हा स्वीकार सोपा नव्हता. वाग्दत्त वधूच्या व्यभिचाराला नियमशास्त्रांत मरणाची शिक्षा होती. योसेफानें बोभाटा न करतां तिला गुप्तपणें सोडण्याचें ठरविलें. मत्तय त्याला नीतिमान म्हणतो तो याच ठिकाणीं, स्वप्नांत देवदूत येण्यापूर्वीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. संशय आला असतांहि त्यानें दया सोडली नाहीं, यांतच त्याची थोरवी आहे. पुढें चार वेळां त्याला स्वप्नांत सूचना मिळते. तो वाद घालीत नाहीं, उठतो आणि सांगितलें तें करतो.

हें मर्म फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूर यानें ओळखिलें. १६४२ च्या सुमाराचें त्याचें 'सुतार योसेफ' हें चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. योसेफ तेथेंहि वृद्धच आहे, पण कोपऱ्यांत नाहीं. तो वांकून गिरमिटानें तुळईला भोंक पाडीत आहे, आणि बाळ येशू मेणबत्ती धरून त्याला उजेड दाखवीत आहे. बालकाच्या बोटांतून ज्योतीचा प्रकाश आरपार दिसतो. पोषण पित्याचें, प्रकाश पुत्राचा. एकाचें दुसऱ्यावांचून चालत नाहीं. ती तुळई पुढील क्रूसाची आठवण करून देते, म्हणून वृद्धाच्या मुद्रेवरील काळजी अधिकच खोल वाटते.

लूकाच्या ग्रंथांत बारा वर्षांचा येशू मंदिरांत सांपडतो. तुझा पिता व मी तुला शोधीत होतों, असें मरिया म्हणते. पुत्र उत्तर देतो तें दुसऱ्याच पित्याविषयीं. योसेफ तेथेंहि गप्पच आहे. आपण वाढविलेलें मूल आपलें नव्हे, हें ऐकूनहि त्याला घेऊन नासरेथास परतणाऱ्या या माणसाची श्रद्धा, मुलांवर स्वामित्व सांगणाऱ्या प्रत्येक पित्यानें एकदां निरखून पाहावी.