पदव्युत्तर स्तरावरील चरित्रलेखनाचे अध्यापन आणि ‘लीळाचरित्र’

पदव्युत्तर मराठीच्या वर्गात चरित्र-आत्मचरित्राचा अभ्यास बहुधा लेखकपरिचय, आशय व वैशिष्ट्ये या क्रमाने होतो. जगलेले आयुष्य लेखनात कसे उतरते, हा प्रश्न मागे राहतो. वस्तुतः त्याचे उत्तर वऱ्हाडातच आहे. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य चरित्रग्रंथ इ.स. १२७८ च्या सुमारास अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सिद्ध केला. चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांनी ठिकठिकाणच्या अनुयायांकडून मिळविल्या, नागदेवाचार्यांच्या साहाय्याने पडताळल्या आणि ‘एकांक’, ‘पूर्वार्ध’ व ‘उत्तरार्ध’ अशा मांडल्या. संकलन, पडताळणी व रचना ही या लेखनाची पद्धती होय. आद्य गद्याचा नमुना एवढ्याच नात्याने ग्रंथ शिकविल्यास ती दुर्लक्षित राहते. म्हाइंभटांची दृष्टी भक्ताची आहे. तिचा आठवणींच्या निवडीवर काय परिणाम झाला, हेही वर्गात तपासले पाहिजे. अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्याने आपल्या गावातील वृद्धाची आठवण वऱ्हाडी बोलीत नोंदवावी, दुसऱ्या साक्षीदाराकडून पडताळावी आणि मग लिहावी. शेतकरी-शेतमजुरांच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याला आपल्या माणसांचे आयुष्यही लेखनाचा विषय आहे, हा प्रत्यय त्यातूनच येईल. केवळ वैशिष्ट्ये पाठ करून तो येणार नाही.