दहा मिनिटांचा हिशेब

राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी हाती पडे. ११ च्या पेपरला १०.५० ला. त्या वेळात लिहायचे नाही, फक्त वाचायचे. हाच वेळ साधून प्रश्नपत्रिका मोबाइलवरून बाहेर जाऊ लागल्याने मंडळाने २०२३ च्या परीक्षेपासून ही सवलत काढून घेतली आणि तेवढाच वेळ शेवटी वाढवून दिला. तीन तासांचा पेपर तेव्हापासून २.१० ला संपू लागला. घड्याळाच्या मते हिशेब जुळला. आमच्या मते तो जुळलेला नाही.

सुरुवातीची दहा मिनिटे ही सक्तीची उसंत होती. लिहायची मुभाच नसल्याने मुले पेपर शेवटपर्यंत पाहत. 'कोणतेही दोन सोडवा' ही सूचना नजरेत येई, कोणत्या उत्तराला आकृती लागेल ते ठरे, छातीतली धडधडही थोडी कमी होई. शेवटची दहा मिनिटे मात्र राहिलेले उत्तर कसेबसे पुरे करण्यात जातात. गैरप्रकार करणारे मोजके. उसंत गेली ती सर्वांची.

मंडळाची अडचण खरी होती, हे आम्हांला मान्य आहे. शिवाय आजही सुरुवातीला पाच मिनिटे वाचायला कोणी अडवलेले नाही. मात्र जे नियम करवून घेत होता, ते आता सवयीने करावे लागेल, आणि सवय सरावावाचून लागत नाही. येथे आमची तक्रार शाळांकडे वळते, आणि त्यात आम्हीही आलोच.

आपल्या सराव परीक्षा कशा होतात? एका बाकावर दोघे बसतात, सर प्रश्नाचा अर्थ समजावून देतात, घंटा झाली तरी "लिही रे पटकन" चालू असते. अर्धा तास आधी हजर राहणे, बैठक क्रमांक नीट लिहिणे, पुरवणी बांधणे हे सारे प्रवेशपत्र वाटण्याच्या गडबडीत एका दमात सांगितले जाते. मुलांना त्याचा खरा अनुभव येतो तो थेट परीक्षेच्या दिवशी.

"चाचण्यांत शिकवण्याचे तास जातात," असे काही शिक्षक म्हणतात. रोडिगर व कार्पिके यांनी अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणाऱ्यांना ८१ टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्यानंतर मात्र हेच आकडे ४२ आणि ५६ झाले. म्हणजे आठवून लिहिणे हाही अभ्यासच आहे.

तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा २० गुणांची, तासाभराची चाचणी घ्यावी. नियम परीक्षेचेच असावेत, आणि प्रत्येक नियम कशासाठी आहे तेही मुलांना सांगावे. पहिली पाच मिनिटे सर्वांची पेने बाकावर खाली असावीत. मंडळाने काढून घेतलेली उसंत वर्गात परत देणे आपल्या हाती आहे.