टेम्पल ऑफ हेवन: वय नेमकं कशाचं?

बीजिंगच्या ‘टेम्पल ऑफ हेवन’वरचा कुठलाही व्हिडिओ लावा. १४२० हे साल लगेच ऐकू येतं आणि त्याच वेळी पडद्यावर तीन निळ्या छपरांची गोल इमारत दिसते. माझी तक्रार या जोडीबद्दल आहे.

कोड वाचताना आधी बदलांचा इतिहास बघायची मला सवय आहे. या इमारतीचा इतिहास असा: १४२० मध्ये योंगल सम्राटाच्या काळात इथे आयताकृती सभागृह होतं. १५४५ मध्ये जियाजिंग सम्राटाने त्याजागी गोल, तीन छपरांचं सभागृह उभारलं. छपरं निळी, पिवळी आणि हिरवी. १७५१ मध्ये चियानलोंगच्या काळात तिन्ही निळी झाली. १८८९ मध्ये वीज पडून सगळं जळालं. आज दिसतं ते १८९६ मध्ये पुरं झालेलं बांधकाम.

मग हे नकली म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. आपल्याकडे जीर्णोद्धार झालेल्या देवळाला कुणी नकली म्हणत नाही. इथे लाकूड नवं असलं तरी हिशेब जुनाच आहे: मधले चार खांब ऋतूंचे, त्याभोवतीचे बारा महिन्यांचे, बाहेरचे बारा दिवसाच्या बारा प्रहरांचे. चांगल्या पिकासाठी प्रार्थना करायची जागा म्हणजे उभं केलेलं कॅलेंडरच. पण ‘सहाशे वर्षं जुनी इमारत’ म्हटलं की दर पिढीने घेतलेले निर्णय पुसले जातात, आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटतात.

दक्षिणेकडची गोल वेदी तर बघायचीच राहून जाते. १५३० ची, १७४९ मध्ये वाढवलेली. तिला छप्पर नाही, भिंती नाहीत, मूर्ती नाही. मधल्या गोल दगडाभोवती ९ फरश्या, मग १८, २७, असं करत नवव्या वर्तुळात ८१. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी सम्राट इथे आकाशाला बळी अर्पण करायचा. सगळ्या देशाला झुकवणारा माणूस उघड्यावर गुडघे टेकतो, त्याच्या डोक्यावर काहीच बांधलेलं नसतं. त्याच्या तुलनेत निळं सभागृह मला जरा बोलघेवडं वाटतं.

१९१८ पासून हे आवार सार्वजनिक बाग आहे. जिथे सामान्य माणसाला प्रवेश नव्हता, तिथे आज म्हातारी माणसं सकाळी व्यायाम करतात. बदलांच्या यादीतली ही नोंद मला छपरांच्या रंगाइतकीच महत्त्वाची वाटते. माहितीफलकावर एकच साल लिहायचं असेल, तर मी १९१८ लिहीन.