अफगाण युद्धाचे छापील कागद : केसाहेबांच्या इतिहासाचें परीक्षण

सरकारनें छापलेला कागद म्हणजे अस्सल कागद, असा समज आपल्याकडील अभ्यासकांतही रूढ आहे. बखरकार ऐकींव लिहितो, म्हणून बखर ताडून पाहिल्यावांचून स्वीकारूं नये, हें आपण राजवाड्यांच्या पिढीपासून शिकलों. परंतु पार्लमेंटापुढें रीतसर मांडलेल्या पत्रव्यवहाराविषयीं तीच शंका घेण्यास आपलें मन सहसा धजत नाहीं. हा समज किती भोळा आहे, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें जॉन विल्यम के यांचा 'अफगाणिस्तानांतील युद्धाचा इतिहास' अवश्य वाचावा. हा ग्रंथ प्रथम १८५१ सालीं दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्यांतील लढायांचीं वर्णनें सरस आहेत, हें सर्वमान्य आहे. पण आमच्या मतें ग्रंथाचें खरें मोल लढायांत नसून पत्रांच्या पाठांत आहे. परमुलुखांतील युद्धाचें कारण आपल्या प्रतिनिधिसभेस सांगतांना एक सरकार आपल्याच नोकराच्या पत्रांना कशी कात्री लावतें, हें या ग्रंथानें चव्हाट्यावर आणिलें. प्रस्तुत लेखांत त्या एकाच अंगाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम प्रसंगाची आठवण करून देतों. मुंबईच्या लष्करांत वयाच्या सोळाव्या वर्षीं दाखल झालेला अलेक्झांडर बर्न्स हा सप्टेंबर १८३७ मध्यें कंपनीचा वकील म्हणून काबूलला पोंचला. तेथील अमीर दोस्त महंमद यास रणजितसिंगानें घेतलेलें पेशावर परत हवें होतें. तिकडे इराणच्या शहानें हेरातला वेढा घातला होता, आणि डिसेंबरांत रशियाचा एक दूतही काबूलांत येऊन दाखल झाला. बर्न्सचें मत निःसंदिग्ध होतें. दोस्त महंमद कर्तबगार आहे, त्याचा ओढा इंग्रजांकडे आहे, तेव्हां त्यालाच हाताशीं धरावें, असें तो वारंवार लिहीत होता. गव्हर्नर-जनरल लॉर्ड ऑकलंड व त्याचा सेक्रेटरी मॅक्नॉटन यांस हें मानवलें नाहीं. लुधियान्यास कंपनीच्या नेमणुकीवर राहणाऱ्या शहा शुजास काबूलच्या गादीवर बसविण्याचें त्यांनीं ठरविलें, जून १८३८ मध्यें रणजितसिंगासह त्रिपक्षी तह केला, आणि १ ऑक्टोबर १८३८ रोजीं सिमल्याहून युद्धाचा जाहीरनामा काढला. हेरातचा वेढा मात्र इराणी फौजेनें ९ सप्टेंबरासच उठविला होता. ही बातमी पोंचल्यावरही ८ नोव्हेंबरास ऑकलंडनें जाहीर केलें कीं, मोहीम चालूच राहील. निमित्त गेलें कीं नैमित्तिकही जातें, असा शास्त्राचा नियम आहे. येथें निमित्त गेलें आणि नैमित्तिक सैन्य घेऊन निघालें.

शेवट सर्वांस ठाऊक आहे. २ नोव्हेंबर १८४१ रोजीं बर्न्स काबूलांत मारला गेला, २३ डिसेंबरास मॅक्नॉटनची तीच गत झाली. ६ जानेवारी १८४२ रोजीं सुमारें साडेचार हजार शिपाई आणि बारा हजार बुणगे काबूल सोडून निघाले; आठवड्यानें जखमी डॉक्टर ब्रायडन जलालाबादच्या वेशीशीं पोंचला. १८४३ मध्यें दोस्त महंमद पुन्हां आपल्या गादीवर आला. ज्याला काढण्यासाठीं हें सर्व केलें, तोच अखेर राहिला.

आतां कागदांकडे वळूं. युद्धाचें समर्थन म्हणून १८३९ सालीं सरकारनें पार्लमेंटापुढें निवडक पत्रव्यवहार मांडला. त्यांत बर्न्सचीं पत्रें होतीं. पण दोस्त महंमदाची बाजू घेणारीं त्यांतील वाक्यें व परिच्छेद वगळलेले होते. त्वरा करा, ठाम पाऊल उचला, रशियाचा उपद्रव वाढत आहे, अशा मजकुराचीं वाक्यें तेवढीं राहिलीं. त्यामुळें छापील पुस्तक वाचणारास असें वाटावें कीं, अमीर हा शत्रु असून त्याला काढण्याचा सल्ला खुद्द काबूलमधील वकिलानेंच दिला होता. वस्तुतः बर्न्सची निकड दोस्त महंमदास साह्य करण्याबद्दलची होती. आपल्या शब्दांचा असा उलटा उपयोग केलेला पाहून त्यानें स्वतःच खासगी पत्रांतून त्रागा केला आहे. केसाहेबांनीं मूळ पत्रें पाहून हा सर्व प्रकार उघड केला आणि त्याची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली.

पाठचिकित्सेचा ज्यास थोडाबहुत सराव आहे, त्यास येथें एक खूण तात्काळ दिसेल. आम्हीं उमेदीचीं वर्षें शाळेंत संस्कृत शिकविण्यांत आणि उरलेला वेळ पोथ्या ताडण्यांत घालविला. पोथींत लोप आढळतो, तो बहुधा लेखकाच्या प्रमादामुळें. डोळा एका ओळीवरून दुसरीवर घसरतो, सारख्या अक्षरांनीं फसगत होते, पानाचा कोपरा कसरीनें खाल्लेला असतो. असे लोप कोणाचा पक्ष घेत नाहींत. एक लोप वैष्णवाच्या सोयीचा, तर दुसरा शैवाच्या. परंतु ज्या पोथींतील झाडून सारे लोप एकाच मताच्या सोयीचे असतात, तेथें लेखक झोंपेंत नव्हता, जागा होता, असेंच अनुमान करावें लागतें. १८३९ च्या छापील कागदांतील बर्न्सच्या पत्रांचे महत्त्वाचे लोप या दुसऱ्या जातीचे आहेत. केसाहेबांच्या आरोपास याहून बळकट पुरावा नको.

यावर सरकारपक्षाचें उत्तर काय, तेंही न्यायानें पाहिलें पाहिजे. मूळ पत्रें पुरतेपणीं छापलीं जाण्यास १८५९ साल उजाडावें लागलें. म्हणजे पहिल्या छपाईनंतर वीस वर्षें गेलीं. त्यानंतर १९ मार्च १८६१ रोजीं डनलॉप या सभासदानें चौकशी-समितीची मागणी हाउस ऑफ कॉमन्समध्यें मांडली. १८३९ मध्यें परराष्ट्रमंत्री असलेला पामर्स्टन आतां मुख्य प्रधान होता. बर्न्सचीं मतें सरकारनें मान्य केलीं नव्हतीं, निर्णय त्यांवर बेतलेला नव्हता, सबब तीं छापण्याचें कारण नव्हतें, असा त्याच्या समर्थनाचा मथितार्थ होता. जॉन ब्राइटनें एकच प्रश्न लावून धरला : हें कोणीं केलें? मतें पडलीं तीं मागणीच्या बाजूस ४९ आणि विरुद्ध १५९. प्रश्नाला उत्तर मिळालें नाहीं.

पामर्स्टनचें उत्तर वरवर पाहतां सयुक्तिक वाटतें, म्हणून त्याचा थोडा अधिक विचार करूं. आपल्या शास्त्रग्रंथांची रीत अशी कीं, सिद्धान्त सांगण्यापूर्वीं पूर्वपक्ष मांडावयाचा, आणि तो असा कीं प्रतिपक्ष्यानेंही म्हणावें, 'माझें म्हणणें याहून चांगलें मला सांगतां आलें नसतें.' पूर्वपक्ष सिद्धान्त्यास मान्य नसतो, हें उघडच आहे. तो अमान्य असतो म्हणूनच तो पूर्वपक्ष. अमान्य मत गाळावें असा नियम केला तर जैमिनीच्या अधिकरणांचा अर्धा भाग नाहींसा होईल आणि उरलेल्या अर्ध्यास अर्थ राहणार नाहीं. शिवाय येथें नुसता पूर्वपक्ष गाळला नाहीं. पूर्वपक्ष करणाराच्या तोंडीं सिद्धान्त घातला. युद्ध करावें कीं नाहीं हें ज्या सभेनें तोलून पाहावयाचें, तिच्यापुढें तराजूचें एकच पारडें ठेवलें. सरकारास बर्न्सचा सल्ला नाकारण्याचा अधिकार होता, हें आम्ही मान्य करतों. पण आपण तो नाकारला आहे, ही गोष्ट लपविण्याचा अधिकार त्याला कोणीं दिला?

केसाहेबांच्या ग्रंथाचे हे गुण सांगितल्यावर त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. पहिला दोष पद्धतीचा. छापील पाठ व मूळ पाठ शेजारीं शेजारीं ठेवून सर्व लोपांची यादी त्यांनीं दिली असती, तर इतके जळजळीत शब्द वापरण्याची गरज पडली नसती. यादीच बोलली असती. दुसरा दोष अधिक खोल आहे. हें युद्ध अन्यायाचें होतें म्हणून ईश्वरानें त्याचें शासन केलें, अशा अर्थाच्या बायबलवचनानें ते ग्रंथाचा समारोप करतात. ईश्वरी शासनावर श्रद्धा असण्यास आमची हरकत नाहीं. पण कात्री ईश्वरानें चालविली नव्हती. ज्या ठिकाणीं माणसाचें नांव लिहावयाचें, त्या ठिकाणीं दैवाचें नांव लिहिलें, म्हणजे जबाबदार माणूस सुटतो. ब्राइटचा प्रश्न साधा होता, परंतु इतिहासकाराच्या समारोपाहून तो अधिक शास्त्रीय होता. हेच केसाहेब १८५८ नंतर लंडनांतील इंडिया ऑफिसच्या राजकीय व गुप्त खात्याचे सेक्रेटरी झाले. ज्या कपाटाच्या किल्लीबद्दल त्यांनीं तक्रार केली, तिचे तेच पुढें रखवालदार झाले, हा योग वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

तिसरी गोष्ट पैशाची. युद्धाचा बोजा हिंदुस्थानच्या महसुलावर पडला, हें केसाहेब नमूद करतात. पण तो कोणत्या हक्कानें पडला, या प्रश्नाच्या मुळाशीं ते जात नाहींत. १८३५ ते १८४१ पर्यंत बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष असलेल्या हॉबहाउसनें १८५० सालीं पार्लमेंटाच्या एका समितीपुढें स्वच्छ सांगितलें कीं, अफगाण युद्ध आपणच केलें आणि कंपनीच्या डायरेक्टरांच्या सभेस त्याची खबरही नव्हती. म्हणजे ज्यांच्या नांवानें तिजोरी, त्यांस ठाऊक नाहीं. ज्या पार्लमेंटानें जाब घ्यावयाचा, त्यास कापलेले कागद. आणि ज्यांच्या शेतसाऱ्यांतून पैसा गेला, त्यांस विचारण्याची कल्पनाही कोणास शिवली नाहीं. मुंबईहून सिंधमार्गें गेलेल्या फौजेंत पूना हॉर्सचे स्वारही होते आणि त्यांनीं १८३९ मध्यें गझनीच्या मोहिमेंत भाग घेतला. आपण कोणाच्या वतीनें व कां लढत आहों, हें त्या स्वारांस कोण सांगणार?

त्याच १८३९ च्या सप्टेंबरांत साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज पदच्युत झाले आणि त्यांची दाद मागण्यासाठीं रंगो बापूजी लंडनांत १८५३ पर्यंत झगडत राहिले. त्यांची मागणीही मूलतः हीच होती कीं, आमच्या बाजूचें म्हणणें ऐका आणि आरोपाचे कागद तपासा. बोर्डाचा अध्यक्ष तेव्हां तोच हॉबहाउस होता. काबूल आणि सातारा हीं दोन प्रकरणें एकमेकांशेजारीं ठेवून वाचण्याचें काम आपल्या तरुण संशोधकांनीं अंगावर घ्यावें, असें आम्हांस सुचवावेंसें वाटतें.

या अनुभवाचा कायद्यावर कांहीं परिणाम झाला काय? १८५८ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमानें असें ठरलें कीं, प्रत्यक्ष स्वारीचें निवारण किंवा तशीच आकस्मिक निकड सोडून, हिंदुस्थानच्या सरहद्दीपलीकडील मोहिमेचा खर्च पार्लमेंटाच्या दोन्ही सभांच्या संमतीवांचून हिंदी महसुलांतून करूं नये. नियम चांगला होता. पण संमति आधीं कीं मागाहून, हें त्यानें बांधून ठेवलें नाहीं. दुसरें अफगाण युद्ध २१ नोव्हेंबर १८७८ रोजीं सुरू झालें आणि पार्लमेंटास खर्चाची संमति विचारली गेली डिसेंबरांत. सैन्य खिंडींत शिरल्यावर 'नको' कोण म्हणणार? १८९७ सालीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देतांना गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं हिंदी खर्चावर हिंदी लोकांचा ताबा नाहीं, या मूळ व्याधीवरच बोट ठेवलें. पूर्वपक्ष मांडण्यास ज्याचा माणूसच सभेंत नाहीं, त्याच्या पैशाचें असेंच होणार.

कोणी म्हणेल, ही जुनी कथा. स्वराज्यांत व लोकशाहींत हें घडत नाहीं. तसें म्हणतां येत नाहीं. सप्टेंबर २००२ मध्यें ब्रिटिश सरकारनें इराकच्या शस्त्रांविषयीं जी पुस्तिका काढली, तींत हेरखात्याच्या मूळ अहवालांतील साशंकता वाचकास नीट कळूं दिली नव्हती, असें २००४ च्या बटलर समितीनें दाखविलें. त्याआधींच, १८ मार्च २००३ रोजीं, कॉमन्सनें ४१२ विरुद्ध १४९ मतांनीं युद्धास संमति दिली होती. आणि चिल्कट चौकशीचा सविस्तर अहवाल निघाला तो ६ जुलै २०१६ रोजीं. यावेळीं मत आधीं घेतलें, ही सुधारणा खरी. पण ज्या कागदांवर मत घेतलें, त्यांतील 'कदाचित्' आणि 'बहुधा' हे शब्द वाटेंत गळाले. आपल्या घरींही फार वेगळें नाहीं. १९६२ च्या पराभवाची मीमांसा करणारा हेंडरसन ब्रूक्स यांचा अहवाल १९६३ मध्यें तयार झाला. त्याचा मोठा भाग लोकांस प्रथम वाचावयास मिळाला तो २०१४ मध्यें, आणि तोही सरकारच्या हातून नव्हे, एका परदेशी पत्रकाराच्या हातून.

राज्यकारभारांत गुप्ततेस जागा नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. हेरांचीं नांवें व सैन्याच्या हालचाली उघड करण्याचा आग्रह शहाणा मनुष्य धरणार नाहीं. परंतु झांकणें वेगळें आणि बदलणें वेगळें. कारगिलच्या चौकशीचा अहवाल २००० सालीं संसदेपुढें आला, तेव्हां सुरक्षेसाठीं वगळलेल्या जागा छापील प्रतींत दाखविलेल्या होत्या. जेथें लोप आहे तेथें लोपाचें चिन्ह आहे. वाचकास आपलें अज्ञान तरी कळतें. पोथी छापणाऱ्या साध्या संपादकाकडून आपण जेवढ्या प्रामाणिकपणाची अपेक्षा करतों, तेवढीच राज्य चालविणारांकडून करणें अवास्तव नाहीं.

सरकारवर विश्वास ठेवावा कीं ठेवूं नये, असा प्रश्न पुष्कळ वेळां विचारला जातो. इतिहासाच्या अभ्यासकास तो नीट मांडलेला वाटत नाहीं. विश्वास वा अविश्वास हा स्वभावाचा भाग आहे. मूळ कागद कोणाच्या कपाटांत आहे आणि तो किती वर्षांनीं, कोणास, कसा पाहावयास मिळतो, हा व्यवस्थेचा भाग आहे. बर्न्सला मरून अठरा वर्षें झाल्यावर त्याचीं वाक्यें त्याला परत मिळालीं. काबूलच्या वाटेवर बर्फांत पडलेल्यांस त्यांचा कांहींच उपयोग झाला नाहीं. केसाहेबांचा ग्रंथ बाजूस ठेवतांना मनांत राहतें तें हें.