‘एम्पायर’ खेळातील मराठा पक्ष : सामर्थ्ययोजनेचा पुनर्विचार

‘एम्पायर : टोटल वॉर’ हा क्रिएटिव्ह असेंब्ली या इंग्लिश संस्थेने रचलेला व २००९ साली प्रसिद्ध झालेला संगणकीय खेळ मराठी इतिहासाच्या अभ्यासकाने उपेक्षावा असा नाही. १७०० ते १७९९ हे शतक त्याचा विषय होय. नकाशावर वर्षास दोन पाळ्या येतात. पाळीगणिक खेळणारा कर बसवितो, सैन्य हलवितो, तह करतो. लढाई उभी राहिली म्हणजे मात्र ती पाळीवाचून, चालत्या वेळेत लढावयाची असते. खेळणाऱ्यास ज्या मोजक्या सत्ता निवडता येतात त्यांत ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया यांच्या पंक्तीस मराठे बसविले आहेत. हा मान थोडा नव्हे. परंतु पाहुण्यास पंक्तीस बसवून त्याच्या पानात काय वाढले, हे पाहू गेल्यास निराशाच पदरी येते.

मराठ्यांच्या वाट्यास आलेले डोळ्यांत भरणारे वेगळेपण म्हणजे हत्ती. हत्तीवर बंदूकधारी आहेत, हत्तीवर तोफाही आहेत. अठराव्या शतकातील मराठी फौजेत हत्ती नव्हते असे कोणी म्हणणार नाही. सरदाराची अंबारी आणि ओझ्याची वाहतूक ही त्यांची कामे होती. पण मराठ्यांचा दरारा हत्तीमुळे होता असे म्हणणे, मुंबईची भरभराट घोड्यांच्या ट्रामगाडीमुळे झाली असे म्हणण्यासारखे आहे. हत्ती वजा केले तर उरतो तो पक्ष प्रशियाच्याच वाटेने जातो : प्रांत जिंका, कर वाढवा, पायदळ उभारा, पुढचा प्रांत जिंका. मराठा म्हणून खेळण्यास कारण राहत नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

यावर सहज सुचणारा उपाय आकडे वाढविण्याचा. घोडदळाचा वेग थोडा वाढवावा, हत्तीचा खर्च थोडा उतरवावा, म्हणजे समतोल साधेल असे अनेकांस वाटते. आकड्यांनी बळ वाढते, स्वभाव येत नाही. बुद्धिबळातील वजिराचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. जुन्या खेळात वजीर तिरका एकच घर चाले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्यास आजची चाल मिळाली, तेव्हा केवळ एक मोहरे सबळ झाले नाही. डावाची गती, राजाची सुरक्षितता, प्याद्याचे मोल, सारेच पालटले. खरी पुनर्रचना ती की जी नियमालाच हात घालते.

मराठ्यांच्या बाबतीत हात घालावयाचा तो कोणत्या नियमास? माझ्या मते मालकीच्या. या खेळात प्रांत एकतर आपला असतो, नाहीतर दुसऱ्याचा. एखादे अखंड राज्य मांडलिक करता येते हे खरे. शत्रूच्या मुलखात शिरून गावे व बंदरे नासविताही येतात. पण त्यासाठी युद्ध जाहीर झालेले हवे, आणि युद्ध नसता परमुलखात फौज नेली तर संबंध तेवढे बिघडतात. मुलूख दुसऱ्याचा आणि वसुलाचा ठरावीक हिस्सा आपला, ही स्थिती या नियमांना ठाऊकच नाही. मराठी सत्तेचा विस्तार तर नेमका याच स्थितीतून झाला. १७१९ साली बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून दक्षिणच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. शेकडा पंचवीस आणि शेकडा दहा, असे हे हक्क. प्रांताचा धनी मात्र बदलला नाही.

तेव्हा पहिली सूचना अशी. मराठी फौज परप्रांतात एक पाळी मुक्काम करून राहिली आणि तेथील धनी तिला हटवू शकला नाही, तर त्या प्रांतावर चौथाईचा हक्क बसावा; उत्पन्नाचा चतुर्थांश मराठ्यांकडे वळावा आणि याला युद्ध समजले जाऊ नये. प्रतिपक्षापुढे दोन मार्ग : द्यावे किंवा लढावे. मात्र दरसाल मुलूखगिरी न झाल्यास हक्क लुप्त व्हावा. म्हणजे हा पक्ष स्वस्थ बसून श्रीमंत होणार नाही.

दुसरी गोष्ट रसदेची. ‘एम्पायर’मध्ये फौजेचा खर्च खजिन्यातून परस्पर वळता होतो, दाणागोटा तुटला म्हणून ती खंगत नाही. (थंडी-उन्हाने सैन्य झिजण्याची कल्पना याच मालिकेतील ‘नेपोलियन’ या २०१० सालच्या खेळात आली.) रसद नाही तेथे पालखेडही नाही. फेब्रुवारी १७२८ मध्ये बाजीरावाने निजामाला हुलकावण्या देत पळविले. निजामाचा जड तोफखाना मागे राहिला, पाण्याचे हाल झाले, आणि मोठी लढाई न होताच मुंगी-शेवगावचा तह झाला. खेळात हा प्रसंग घडविता येत नाही. जवळ मराठी घोडदळ असता तोफांनी जड झालेल्या शत्रूची पुढील पाळीची चाल निम्मी व्हावी आणि झीज सुरू व्हावी, एवढा नियम पुरेसा आहे. १७६१ च्या पानिपतास न्याय देण्यासाठी तो मराठ्यांसही लागू हवा. गारद्यांचा तोफखाना आणि बुणगे घेऊन निघालेल्या फौजेला तोच नियम छावणीत कोंडून मारील.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गनिमी कावा हेच मराठ्यांचे एकमेव अंग समजून त्यांना वेढ्यास असमर्थ ठरविण्याचा मोह पुनर्रचनाकारास होईल. कोपरीहून रेल्वेमार्ग ओलांडून गेले की ठाण्याचा किल्ला लागतो. आज तेथे मध्यवर्ती कारागृह आहे. पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी तो १७३७ च्या मार्चमध्ये घेतला, आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पाने वसई पाडली ती मोर्चे बांधून आणि सुरुंग उडवून. पुढे महादजी शिंद्याने द ब्वान्यच्या हाताखाली कवायती कंपू उभारले. तेव्हा सुरुंग आणि कवायत ही दारे बंद करू नयेत. कवायती पलटणी जसजशा वाढतील तसतसा घोडदळाच्या कोंडीचा लाभ घटावा, इतकेच.

उरतो तो प्रश्न किमतीचा. ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेतील २०१० च्या पाचव्या खेळात हिंदुस्थानला शहरांच्या संख्येमुळे येणारा असंतोष दुप्पट आणि लोकसंख्येमुळे येणारा निम्मा, अशी योजना होती. तो पक्ष आरंभी लंगडा वाटे, तरी त्याचा लाभ आणि तोटा एकाच मुळातून फुटत, म्हणून मला ती योजना आदर्श वाटते. मराठ्यांच्या बाबतीत असे मूळ सरदारीत सापडते. प्रत्येक चौथाई कोणा सरदाराच्या नावे नेमून द्यावी लागावी : शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले. वसुलाचा काही भाग त्याच्याकडे राहावा आणि त्यातून त्याची फौज खजिन्यावर भार न टाकता वाढावी. ठरावीक मर्यादेपलीकडे मात्र त्याने पुण्याची आज्ञा एक पाळी उशिरा पाळावी, पुढे स्वतंत्र तह करावा. ही मर्यादा किती ठेवावी हे खेळूनच ठरेल. आठ-दहा प्रांतांच्या चौथाईनंतर पहिला सरदार कुरकुरू लागला, तर शतकाचा उत्तरार्ध बहुधा ठीक जुळेल. त्याआधी कुरकुरला तर विस्तारच होणार नाही.