‘मागून धडक दिली’: अपघाताच्या फिर्यादीतील कर्ता आणि दोष

महाराष्ट्रातील मोटार-अपघातांच्या फिर्यादी वाचणाऱ्यास एक वाक्य वारंवार भेटते. ‘चालकाने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने चालवून पुढील वाहनास मागून जोराची धडक दिली,’ अशी त्याची साधारण घडण असते. स्थळ बदलते, वाहने बदलतात. वाक्य बदलत नाही. भाषेच्या अभ्यासकाने ह्या साच्याकडे रूक्ष लेखनाचा नमुना म्हणून पाहणे पुरेसे नाही. ह्या वाक्यावर पुढे नुकसानभरपाईचा दावा उभा राहतो आणि एखाद्या कुटुंबाची उपजीविका त्या दाव्यावर अवलंबून असते.

वाक्याची रचना प्रथम पाहावी. ‘चालकाने धडक दिली’ ह्या कर्मणी प्रयोगात तृतीयान्त कर्ता ठळकपणे उभा राहतो. ‘धडक बसली’ असे म्हणताच धडक हीच कर्ता होते व माणूस वाक्याबाहेर जातो. दोन्ही वाक्ये एकाच घटनेची असू शकतात. पहिल्यात एक कर्ता आहे, दुसऱ्यात एकही नाही. दोन चालकांची कृती सांगण्यास मात्र दोहोंतही जागा नाही. पुढच्याने अकस्मात ब्रेक लावला होता काय, हा प्रश्न साच्यात बसतच नाही. ‘हयगयीने’ व ‘अविचाराने’ ही क्रियाविशेषणे तर पाहिलेली गोष्ट सांगतच नाहीत. ती चौकशीअंती काढावयाचा निष्कर्ष आरंभीच सांगतात. ती तेथे येतात ह्याचे कारण उघड आहे. भारतीय दंड संहितेचे कलम २७९ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ ह्यांतील गुन्ह्याचे घटक तेच आहेत. फिर्याद कायद्याच्या शब्दांत बोलते, साक्षीदाराच्या नव्हे.

कायदा स्वतः मात्र इतका एककर्तृक नाही. १९८९ च्या वाहतूक विनियमांत दोन लगतचे नियम होते. विनियम २३ मागील चालकाला, पुढचे वाहन अचानक मंदावले वा थांबले तरी टक्कर टळेल एवढे अंतर राखण्यास सांगे. विनियम २४ सुरक्षिततेची निकड नसता एकाएकी ब्रेक लावण्यास मनाई करी. २०१७ मध्ये ह्या विनियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली. न्यायालयीन विचारात मात्र दोन्ही कर्तव्ये आजही दिसतात.

२७ एप्रिल २०१८ च्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने मालमोटारीमागून दहा-पंधरा फुटांवर चाललेल्या मोटारीच्या चालकास दोषी मानले. ताशी ४० किलोमीटर वेगाने वाहन सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते, हे ध्यानात घेता पंधरा फुटांचे अंतर अर्ध्या सेकंदाचेही नाही. येथे दोष ठरला तो अंतरावरून, विशेषणांवरून नव्हे. उलट २९ जुलै २०२५ च्या निर्णयात, २०१७ मध्ये कोइमतूर येथे घडलेल्या अपघाताची जबाबदारी तिघांत वाटली गेली. महामार्गावर इशारा न देता थांबलेल्या मोटारचालकावर ५० टक्के, मागून आदळून पडलेल्या दुचाकीस्वारावर २० टक्के आणि त्याच्या पायावरून गेलेल्या बसच्या चालकावर ३० टक्के. दुचाकीस्वाराने ‘मागून धडक दिली’ हे वाक्य तेथेही खरेच होते. परंतु त्या खऱ्या वाक्यात एक-पंचमांश दोषच मावत होता.

साच्याची खरी कसोटी घाटात लागते. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ सातपुड्यात १,१०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. शहाद्याकडून येणारा रस्ता वळणावळणांनी घाट चढतो आणि पावसाळ्यात धुके उतरते. समजा, अशा चढावर पुढची जीप थांबली आणि घरंगळत मागच्या मोटारीवर आली. जीपची मागील व मोटारीची पुढील बाजू चेपलेली दिसेल. मोटार जीपवर आदळली असती तरी मोडतोड त्याच जागी झाली असती. म्हणजे मोडतोडीची जागा दोन वाहनांचा संबंध सांगते, गती कोणाची होती ते सांगत नाही. तरीही पंचनाम्यातील तेवढ्या खुणेवरून सवयीचे वाक्य लिहिले गेले, तर स्थिर उभ्या मोटारीचा चालकच ‘धडक देणारा’ ठरेल. ‘मागून’ हे स्थलवाचक अव्यय तेथे दोषवाचक होऊन बसते.

ह्या परिसरात आणखी एक पायरी आहे. पावरी वा भिली बोलणाऱ्या साक्षीदाराचे कथन मराठीत उतरते, तेव्हा त्याला साच्याचा कर्ता व साच्याची क्रियाविशेषणे मिळण्याचा संभव असतो. तोंडी दिलेली फिर्याद लिहून झाल्यावर वाचून दाखवावी, असा कायदा आहे. ती ऐकणाऱ्यास कळेल अशा भाषेत सांगितली गेली, तरच त्या तरतुदीला अर्थ राहील.

फिर्याद हा स्वतंत्र पुरावा नव्हे, असे न्यायालये सांगत आली आहेत, आणि ह्या साच्यावरील आक्षेपाला हे उत्तर दिले जाऊ शकते. परंतु दावा न्यायाधिकरणापुढे प्रथम येणाऱ्या कागदांत ती असते, आणि भरपाईच्या दाव्यात फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा मागितला जात नाही. म्हणून तिच्या वाक्यांचे वजन कमी लेखता येत नाही. कोणते वाहन चालत होते, कोणते थांबले होते, चढ कोणत्या दिशेने होता, अंतर किती होते, चाकांच्या खुणा कोठे होत्या, ब्रेकचे दिवे लागले होते काय, हे प्रत्येकी वेगळ्या साध्या वाक्यात लिहिता येते. मराठीला त्यासाठी नवा शब्द नको. हयगय झाली की नाही, हे क्रियाविशेषण मग न्यायाधीशाने लावावे.